विडीचा सुधाकर कोणी लिहिला नाही

दरवर्षी एक डिसेंबरला, जागतिक एड्सदिनी, आमच्या महाविद्यालयात पथनाट्य होते. संहिता विद्यार्थी लिहितात. आम्ही मराठी विभागाचे लोक शुद्धलेखन तपासतो, उच्चार सुधारून घेतो आणि शेवटच्या घोषणेत यमक साधले आहे की नाही ते पाहतो. या संहिता वर्षागणिक बदलल्या तरी त्यांतील एक पात्र बदललेले नाही. ते म्हणजे ‘बिघडलेला तरुण’. तो बिघडलेला आहे हे प्रेक्षकांना पहिल्या क्षणी कळावे म्हणून त्याच्या हातात सिगारेट दिलेली असते. सिगारेट अर्थातच खडूच्या तुकड्याची. मग सिगारेटीमागून बाटली, बाटलीमागून ‘तसली’ वस्ती, वस्तीमागून एचआयव्ही आणि अखेरीस पांढरी चादर. दहा मिनिटांत अधःपाताच्या सगळ्या पायऱ्या उतरून होतात आणि टाळ्या पडतात. यात काही चुकते आहे असे आम्हाला पुष्कळ वर्षे वाटले नाही, हे आधी कबूल केले पाहिजे.

ते लक्षात आणून दिले एका पाहुण्याने. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या एका गटातर्फे ते विद्यार्थ्यांशी बोलायला आले होते. भाषण साधे, नेमके झाले. नंतर चहा घेताना ते म्हणाले, “सर, नाटक चांगलं बसवलंय पोरांनी. पण त्या पोराच्या हातात सिगारेट आजाराच्या आधी दाखवलीत. माझ्या हातात बिडी आली ती रिपोर्ट आल्यावर. झोप लागायची नाही, कोणाशी बोलता यायचं नाही. चौदा वर्षं झाली. गोळी एक दिवस चुकवलेली नाही, आणि बिडीचं बंडलही एक दिवस चुकलेलं नाही. गोळ्या मोजून घेतात दर खेपेला. बिड्या कोणी मोजत नाही.” हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. बोलून झाल्यावर ते फाटकाबाहेरच्या टपरीकडे गेले, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे न सुचून आम्ही कपबशा गोळा करू लागलो.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची उशिराने केलेली जुळवाजुळव आहे. आम्ही वैद्यकाचे लोक नव्हे. भाषा आणि साहित्य शिकवणे हा आमचा व्यवसाय. परंतु त्या गृहस्थांच्या विड्या कोणी मोजत नाही, याचे एक कारण वैद्यकात असले तरी दुसरे, आणि कदाचित अधिक खोल, कारण आपल्या भाषेत व आपल्या साहित्याने घडवलेल्या कल्पनांत आहे असे आम्हाला वाटते. म्हणून हा अधिक्षेप.

प्रथम वस्तुस्थिती. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. त्यानंतरची अठरा वर्षे बहुसंख्य रुग्णांसाठी या निदानाचा अर्थ एकच होता. एक एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि तो अर्थ बदलू लागला. २०१७ पासून तर निदान होताच, पेशींची संख्या घटण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आरंभी दिवसातून दोनदा घ्याव्या लागणाऱ्या, पुष्कळांना सोसवत नसलेल्या औषधांच्या जागी आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, सुमारे ३.९ लाखांचा होता. वेळेवर निदान झालेला आणि गोळी न चुकवणारा माणूस आता इतरांच्या जवळपास जाईल इतके आयुष्य जगू शकतो. शब्दाचा विचार करणाऱ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. ‘एड्सग्रस्त’, मग ‘एचआयव्हीबाधित’ आणि आता ‘एचआयव्हीसह जगणारे’ असा जो शब्दांचा प्रवास झाला, तो केवळ सौजन्याचा नव्हे. ‘जगणारे’ हे विशेषण आता अक्षरशः खरे झाले आहे.

आणि जगणाऱ्याला जगणाऱ्यांचे आजार होतात. डेन्मार्कमधील सुमारे तीन हजार एचआयव्ही-रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे उपचार सर्वांना मोफत आणि नियमित मिळतात. अशा परिस्थितीत पस्तिशीतील रुग्णाच्या आयुष्यातून एचआयव्ही सरासरी ५.१ वर्षे कमी करतो आणि धूम्रपान १२.३ वर्षे, असे त्यात आढळले. ज्या विषाणूच्या नावाने आपण हादरतो त्याच्या दुपटीहून अधिक आयुष्य विडी-सिगारेट नेते. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणित मांडले की औषधे नियमित घेणारा पण धूम्रपान चालू ठेवणारा रुग्ण एड्सपेक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याची शक्यता सहा ते तेरा पट अधिक आहे.

डेन्मार्क म्हणजे सोलापूर नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे हिशेब निराळा मांडावा लागतो, पण तो दिलासा देणारा नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. एचआयव्ही असलेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दहापटींहून अधिक असते, आणि धूम्रपान तीच शक्यता स्वतंत्रपणे साधारण दुपटीने वाढवते. धुरामुळे श्वासनलिकेतील सूक्ष्म केस लुळे पडतात आणि फुप्फुसात पहारा देणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. विषाणूने जेथे आधीच दार किलकिले केले आहे तेथे धूर ते सताड उघडतो. याशिवाय गोळ्यांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला तरी शरीरातील मंद दाह पुरता विझत नाही. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढलेलाच राहतो, आणि त्यात तंबाखू भर घालते. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तसेच आहे. ‘विडी ती काय, पानाचीच’ असे म्हणण्याची रीत आहे. परंतु तेंदूचे पान कागदासारखे हवा खेळू देत नाही. ती विझू नये म्हणून झुरके अधिक आणि खोल घ्यावे लागतात, आणि म्हणून विडी सिगारेटहून सौम्य ठरत नाही.

महाराष्ट्रापुरते आणखी एक सांगायला हवे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, पण २४.४ टक्के लोक तंबाखू खाणारे किंवा लावणारे होते. स्त्रियांमध्ये हे दुसरे प्रमाण १६.६ टक्के होते. गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे. बंदीने काय साधले ते बसस्थानकाच्या भिंती सांगतात. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न विडीइतकाच चुना-तंबाखूचा आणि मिश्रीचाही आहे. नवऱ्याकडून आजार मिळालेली, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावणारी बाई ही पश्चिम महाराष्ट्राला अनोळखी नाही. तिच्या मिश्रीला तर कोणी व्यसनही म्हणत नाही. दात घासणे म्हणतात.

आता आमच्या प्रांतात येतो. तंबाखूविषयी मराठी साहित्याने काय सांगितले? जानेवारी १९१९ मध्ये राम गणेश गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तेव्हापासून दारू म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सुधाकर आणि सिंधू उभे राहतात. दारूला आपण शोकांतिका दिली. तंबाखूला काय दिले? चंची दिली, अडकित्ता दिला, चुन्याची डबी दिली. ग्रामीण कथेत दोन अनोळखी माणसे बांधावर भेटतात ती तंबाखू मळत. वैर मिटते ते चिमूट पुढे केल्यावर. म्हातारा शहाणपणाचे वाक्य बोलतो ते विडी पेटवून, धूर सोडल्यानंतर. लेखकाला संवादात विराम हवा असला की तो पात्राच्या ओठात विडी देतो. ही परंपरा अर्थातच पोकळ नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापूरच्या दरबारातून अकबराकडे तंबाखू नेली तेव्हा ती नवलाई होती. पुढे ती दख्खनच्या दैनंदिन आतिथ्याचा भाग झाली, आणि निपाणीच्या शेतापासून सिन्नर-सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपापर्यंत लाखो लोकांचे पोट तिच्यावर चालले. साहित्याने हे टिपले त्यात गैर काही नाही. तथापि परिणाम असा झाला की दारुड्याच्या घरात काय घडते हे सांगायला आपल्याकडे शब्द आहेत, पण वीस वर्षे विडी ओढणाऱ्याला पन्नाशीत जिना चढता येईनासा होतो, हे सांगणारी गोष्ट नाही. विडीचा सुधाकर कोणी लिहिला नाही. तिचा नाश फार संथ, फार अनाटकी असतो. तिला पाचवा अंक असतो, पण तो रुग्णालयात, खोकल्याच्या आवाजात, प्रेक्षकांविना होतो.

एचआयव्हीचे नेमके उलट झाले. त्याला गोष्ट मिळाली ती पहिल्याच दिवशी, आणि ती पापाची गोष्ट होती. सुझन सोन्टॅग यांनी १९७८ साली क्षय व कर्करोग यांच्यावर आणि १९८९ साली एड्सवर लिहिताना हे दाखवून दिले आहे की समाज रोगाला रूपक बनवतो आणि मग रोग्याला त्या रूपकाची शिक्षा भोगावी लागते. आमच्या पथनाट्यातील खडूची सिगारेट हे याचे गावठी उदाहरण. तेथे सिगारेट हा विकाराचा उगम म्हणून येत नाही. चारित्र्याची निशाणी म्हणून येते. एकदा ती निशाणी ठरली की प्रत्यक्ष रुग्णाच्या हातातील विडीकडे पाहण्याची दृष्टीच जाते. पाप आधीच होऊन गेलेले असते, शिक्षा मिळालेली असते. मग विडी उरते ती केवळ जुन्या पात्राची वेशभूषा म्हणून.

येथून आम्हाला मुख्य मुद्द्याकडे जायचे आहे. अशा माणसाच्या विडीविषयी आपण सभ्य, सुशिक्षित लोक काय म्हणतो? “ओढू दे बिचाऱ्याला. त्याला आता दुसरं काय सुख राहिलंय?” हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारलेले आहे. त्यात करुणा आहे असे आम्हाला वाटत होते. आज वाटते की ते करुणेच्या वेशातील जुने मृत्युपत्र आहे. ज्याला पुढची तीस वर्षे जगायचे आहे त्याच्याविषयी आपण असे बोलत नाही. मधुमेह झालेल्या काकांच्या पुढून जिलेबीची थाळी आपण भांडून उचलतो, कारण ते जगावेत असे आपल्याला वाटते आणि ते जगतील असा आपला विश्वास असतो. एचआयव्ही असलेल्याच्या हातातील विडी आपण काढून घेत नाही. औषध आले, कायदा आला, भेदभावास बंदी करणारा २०१७ चा अधिनियम सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात आला, तरी आपल्या मनात तो माणूस गेलेलाच आहे. त्याच्या विडीविषयीची आपली उदारता ही पिंडाला कावळा शिवावा म्हणून ठेवलेल्या आवडीच्या पदार्थासारखी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की गरिबाच्या, एकाकी माणसाच्या एकुलत्या एका विरंगुळ्यावर टाच आणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. रिपोर्ट आल्यावर झोप न लागणाऱ्या त्या गृहस्थांना विडीने सोबत केली हे खरे आहे. पण विडी देते त्या शांतीचा मोठा भाग तिनेच निर्माण केलेली तलफ शमण्याचा असतो. निकोटिनचे रक्तातील प्रमाण दोनेक तासांत निम्मे होते आणि पुन्हा अस्वस्थता सुरू होते. सोबत करणाराच दर दोन तासांनी एकटे पाडत असेल तर त्याला सोबती म्हणावे का? आणि ज्याला विडीखेरीज विरंगुळा नाही त्याला तो मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारण्याऐवजी ‘ओढू दे’ म्हणणे आपल्याला सोयीचे जाते.

दुसरा आक्षेप केंद्रावर काम करणाऱ्यांचा असतो आणि तो न्याय्य आहे. समुपदेशकापुढे रांग असते. गोळ्यांचा हिशेब, क्षयाची लक्षणे, जोडीदाराची तपासणी, घरच्या अडचणी यांतून विडीकडे वळायला वेळ कोठून आणायचा? शिवाय ज्याला आयुष्यभर दोषी ठरवले गेले आहे त्याला आणखी एक दोष दाखवला तर तो केंद्रावर येणेच सोडील, ही भीतीही खरी आहे. परंतु या भीतीवरचा उपाय गप्प बसणे हा नसून निराळ्या भाषेत बोलणे हा आहे. तंबाखू सोडवण्यास मदत करणारी औषधे आहेत. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, आणि २०१६ पासून राष्ट्रीय पातळीवर मोफत दूरध्वनी सेवाही आहे. ‘तुम्ही तंबाखू घेता का? सोडावी असं वाटतं का?’ हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागते. रोजची गोळी चौदा वर्षे न चुकवण्याचा निग्रह ज्याने दाखवला आहे, त्याच्याजवळ विडी सोडण्याचे बळ नाही असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

निराळी भाषा म्हणजे कोणती? सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत भयचित्रे व इशारा असतो. त्यांचा उपयोग इतरत्र होत असेल. पण ज्याने एकदा स्वतःचे मरण ऐकून पचवले आहे त्याला मरणाची धमकी देऊन काय होणार? त्याला मरणाविषयी नव्हे, जगण्याविषयी सांगायला हवे: मुलीच्या लग्नात मांडवात उभे राहण्याविषयी, दोन मजले न धापता चढण्याविषयी, बंडलाच्या पैशांत महिन्याकाठी काय येते याविषयी.

या संदर्भात आमच्या विषयातील एक जुना शब्द उपयोगी पडेल. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा अर्थ केवळ वाईट सवय असा नाही. संकट, आपत्ती असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे आणि त्यात राजाच्या जुगार-मद्याबरोबरच राज्यावर येणारे पूर, दुष्काळ, आग, रोगराईही येतात. मराठीत यायच्या वाटेवर या शब्दाचा दुसरा अर्थ गळाला आणि दोष तेवढा उरला. ‘व्यसनी’ म्हणजे आपत्तीत सापडलेला, असे आपण पुन्हा ऐकू लागलो तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. पुरात सापडलेल्या माणसाला आपण ‘पोहायला का आला नाहीस’ असे विचारत नाही, आणि ‘बुडू दे बिचाऱ्याला’ असेही म्हणत नाही. दोर टाकतो.

यंदाच्या पथनाट्याची संहिता आली तेव्हा आम्ही एक छोटी दुरुस्ती सुचवली: नायकाच्या हातातला खडू काढून टाका. दिग्दर्शन करणारी विद्यार्थिनी गोंधळली. “मॅडम, मग तो वाईट आहे हे लोकांना कळणार कसं?” असे तिने विचारले. आम्ही म्हटले, तो वाईट आहे असे कळण्याची गरज काय? त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सुचवले की नाटक रिपोर्ट आल्यावर सुरू करावे, चादरीपाशी संपवू नये. ते अजून लिहून झालेले नाही. मधला भाग अवघड जातो आहे, कारण त्यात काही नाट्यमय घडत नाही. एक माणूस रोज रात्री गोळी घेतो, सकाळी कामाला जातो, आणि एके दिवशी त्याला कोणीतरी विचारते, “बिड्या किती ओढता हो दिवसाला?” प्रश्न इतकाच. तो कसा विचारला म्हणजे ऐकणाऱ्याला दूषण वाटणार नाही, यावर मुलांची अजून भांडणे चालू आहेत. आम्ही त्यांना उत्तर सांगितलेले नाही, कारण चहाच्या वेळी आम्हालाही ते आले नव्हते. त्या पाहुण्यांना मात्र या वर्षी पुन्हा बोलावले आहे, आणि यावेळी आम्ही कपबशा गोळा करणार नाही.